पुढची काच

वडिलांच्या निरोपसमारंभाला तासच उरला होता. ते चाकणला कंपनीची बस चालवायचे. तिचीच वीतभर प्रतिकृती वर्षालीनं चार महिने गुपचूप घडवली होती. शेवटी पुढची काच बसवताना तिनं घाईत झटपट चिकटणारा गोंद वापरला. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साचते, हे रसायनशास्त्राची पदवीधर असूनही ती विसरली. काच दुधाळ झाली, दुसरी नव्हती. तेवढ्यात वडील आत आले आणि बस पाहून थबकले. “पप्पा, काच वाया गेली हो.” “वाया कसली? थंडीत पहिल्या पाळीला रोज अशीच व्हायची.” समारंभासाठी केसांना चोपडलेलं खोबरेल त्यांनी बोटावर घेऊन काचेवर घासलं. पांढुरका थर विरला. वर्षालीचा जीव भांड्यात पडला. वडिलांनी एक डोळा मिटून आत डोकावलं. “तिसऱ्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं, पोरी.” “ब्लेडनं फाडलंय, पप्पा. नीट बघा.”