भरल्या पानावरून

"या ताईंच्या गळ्यातली रुद्राक्षमाळ बघा. आपल्याच दुकानातली, अभिषेक केलेली!" हरिद्वारला जेवणाच्या टेबलांमधून फिरत टूर मॅनेजर प्रवाशांना सांगत होते.

ती माळ माझ्या सासूबाईंची. पण चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही, खाणाखुणाही करत नाही आणि बोललेच तर भरल्या पानावरून उठून दिवसभर उपाशी राहते, हे मॅनेजरसाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

सकाळीच म्हणाले होते, "शिकाऊ असलात तरी तुमच्यासारख्या सोज्वळ चेहऱ्याला या धंद्यात फार वाव आहे हो. सहल संपली की कायम करतो." तो वाव हा होता तर!

"खरं का गं?" समोरच्या आजींनी पर्स उघडत मला विचारलं.

"मौन आहे त्यांचं. पण मानेनं तरी नाही म्हणाल्या का?" साहेब हसले.

माझी कानशिलं तापली. देवासाठी धरलेलं मौन या माणसानं विकायला काढलं होतं.

"साफ खोटं आहे, आजी. ही सासूबाईंची माळ. त्या दुकानात काहीएक घेऊ नका."

"नोकरी गेली तुमची," ते दातओठ खात म्हणाले.

मी भरल्या पानाला नमस्कार केला आणि उठले.