लेकीच्या पावलांनी

शुगरमुळे आबांचे तळवे चार वर्षं मुके होते. ना सुई, ना सुरी, उपचार म्हणजे नुसते मोजे. चिपळूणला लेकीच्या, वृंदाच्या पावलांना जे जाणवायचं, ते तिच्या मोज्यांतून साताऱ्याला आबांच्या मोज्यांत उतरायचं आणि झोपलेल्या नसांना हलकेच हाका मारायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आधी दुखेल हं. दुखलं की समजा, जाग आली."

महिना सरला, काहीच नाही. आज उपचाराचा शेवटचा दिवस होता. आबा डोळे मिटून पडले होते, तोच टाचेतून कळ आली. त्यांनी लगेच फोन लावला.

"वृंदे, टाचेला भेग पडलीय ना तुझ्या?"

"आबा! कळलं तुम्हाला?" ती रडतरडत हसली.

"सकाळपासून कुठे टेकली नाहीस, तेही कळलं. बस आधी!"

"अहो, कणीक—"

"बस म्हणतो ना!"

ती बसली. आबांच्या पायांतला शीण भरती ओसरावी तसा उतरत गेला. मग अंगठ्याभोवती काही ऊबदार, ओलसर लागलं. रांगत आलेल्या नातीनं आईचा अंगठा मोज्यासकट तोंडात घातला होता. एकदम बारीकशी टोच बसली.

"आई गं!" दोघं एकदमच ओरडले.

"अगं, दात आला हिला," आबा म्हणाले, आणि पाय तसाच धरून दुसऱ्या टोचेची वाट पाहू लागले.