गप्पा मारत ऐकायची धून

भास्कररावांनी माइकवर पुन्हा बजावलं, "कृपया शांतता राखा. परदेशी संगीत आहे."

आलमबागेतल्या मराठी मंडळाच्या त्या हॉलमध्ये अथर्वशीर्ष चालू असतानाही साड्यांची चर्चा थांबत नसे. आज चक्क पंखा ऐकू येऊ लागला.

गणपतीशेजारी रमाकांत व्हायोलिन घेऊन उभा होता. रेल्वेने त्याला सिग्नल शिकायला आयर्लंडला पाठवलं होतं. येताना तो तिथल्या खेड्यातल्या गुत्त्यात वाजणाऱ्या धुनाही शिकून आला. मंडळाच्या पत्रिकेत 'गुत्ता' बरा दिसेना म्हणून 'ग्रामीण सभागृह' छापलं होतं.

त्या सभागृहात कोणी टाळ्या वाजवत नसे. लोक शेकोटीपाशी मेंढ्यांवरून भांडत आणि वाजवणारे कोपऱ्यात आपले वाजवत बसत. भांडता भांडता एखाद्याचा पाय आपसूक हलायला लागला, की समजायचं, धून लागली. हे त्याने घरी इतक्या वेळा सांगितलं होतं, की आज निघताना त्याची बायको मधुमती म्हणाली, "एक पाय हलवून दाखवा. नाहीतर ती व्हायोलिनची पेटी आजच माळ्यावर. मला मेलं सगळं एकसारखंच वाटतं."

त्याने गज ओढला. माणसं मांडी घालून, श्रद्धेने बघत राहिली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे टिपले. पाय मात्र एकाचाही हलला नाही. धून त्याच्या हातातच गार होत गेली.

टाळ्या कडकडून पडल्या. शेजारचे मिश्राजी उठून आले. "क्या गंभीर चीज़ है, भाईसाहब! मन भारी हो गया."

नाचायची धून होती.

आरती झाली, प्लेटांभोवती गर्दी उसळली. मधुमती वाढायला उभी राहिली. रमाकांतने पेटी उघडली, व्हायोलिन आत ठेवता ठेवता थांबला, आणि एकदाच म्हणून गज तारेवर टेकवला. कोणी वळूनही पाहिलं नाही. चमचे खडखडत होते, "भैया, पूड़ी इधर!" चाललं होतं. उदबत्त्यांचा धूर ट्यूबलाइटखाली शेकोटीच्या धुरासारखा साचला होता. खिडकीतून दमट वारा आला. त्याला ओल्या लोकरीचा वास होता. समोरची भिंत हळूहळू मागे सरकली आणि तिच्यापलीकडे कुठेतरी मेंढ्या ओरडल्या.

"रमाकांत, अरे तिकडे जाऊन वाजव!" भास्करराव पुरी हलवत ओरडले. "बोललेलं ऐकू येत नाही!"

आयर्लंडच्या त्या गुत्त्यातला एक म्हातारा रोज संध्याकाळी हेच ओरडायचा. रमाकांत हसला आणि वाजवत राहिला.

"श्रीखंडाचं कसलं कौतुक, शुभदावहिनी," मधुमती पळी उगारून सांगत होती, "इथल्या दह्याला पाणी किती सुटतं! रात्रभर टांगा, नाहीतर जन्मभर टांगा!" आणि टेबलाखाली तिचं जोडवं फरशीवर वाजत होतं. टक्‌टक्‌, टक्‌टक्‌. अगदी ठेक्यात.

त्याने तिला हाक मारली नाही. दह्याचा विषय संपत आलासा वाटला, तेव्हा फक्त धून पुन्हा पहिल्यापासून धरली.