गुरगुरण्यातले शब्द

“शब्द स्पष्ट म्हणावेत, तुओमो. देवालाही कळू देत,” असं आई लहानपणापासून सांगायची. तुओमोने मात्र आपल्या हेवी मेटल बँडमध्ये बावीस वर्षं नुसतं गुरगुरून गायलं.

यंदा ड्रमवाल्या पासीची कंबर धरली आणि बँडने सगळी गाणी संथ, सुरेल करायची ठरवली. एकटा तुओमो नको नको म्हणत होता.

“आपले चाहते पळून जातील रे.”

“कुठले पळतायत? त्यांच्याही कंबरा धरल्यात,” पासी म्हणाला.

गावातल्या पहिल्याच कार्यक्रमाला आई पुढच्या रांगेत येऊन बसली. बँडचं सगळ्यात जुनं गाणं सुरू झालं आणि प्रथमच त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला. ‘तळ्याकाठचं आपलं वाफ घ्यायचं सॉनाघर वीज पडून नाही जळालं, आई. मी चोरून ओढलेल्या सिगारेटने जळालं.’

परतताना गाडीत तुओमोने रेडिओ बंद केला.

“रागावलीस, आई?”

“सिगारेटचं मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या कोटाला वास येत होता.” आईने मांडीवरची पर्स नीट केली. “पंचवीस वर्षं दर शनिवारी मी वाफ घ्यायला शेजारच्या हिल्काकडे जातेय. आणि तू ध्रुवपदात ‘नवीन बांधून देईन’ म्हणून हजारो लोकांना शब्द देत फिरतोयस. मला कुणी सांगितलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुओमो मोजपट्टी घेऊन तळ्याकडे उतरला.