मोकळा डोंगर

विहिरीत सोडलेली बादली थप्पकन बसली. पाण्याचा आवाज आलाच नाही. गोजरबाईने दोर ओढला तेव्हा वर आला तो राखेचा काळा चिखल आणि त्यात जळक्या गवताचे बुडखे. कालपर्यंत या विहिरीला दोन पुरुष पाणी होतं. भर वैशाखात अख्ख्या वस्तीचे हंडे इथे भरत.

"आभाळच फाटलं गं," तिचा नवरा रंगनाथ काठावरून म्हणाला. शेजारच्या कानिफनाथलाही त्याने सकाळपासून हेच ऐकवलं होतं. "ह्याला काय वळीव म्हनायचा? रातीत डोंगर खाली आला. फाटल्या आभाळाला ठिगळ लावनार तरी कुठं?"

कानिफनाथने मान डोलावली. गोजरबाईला चिखलापेक्षा त्या डोलणाऱ्या मानेचा जास्त संताप आला.

"आभाळ फाटलं व्हय? आन वढ्यापल्याडच्या डोंगरावर काय दुसरं आभाळ हाय?"

नाइलाजाने दोघांनी तिकडे पाहिलं. पलीकडचा डोंगर रात्रीच्या त्याच पावसात भिजला होता. वाळलं गवत अंगावर घेऊन तो जागच्या जागी उभा होता आणि त्याच्या घळीतून अजून बारीक धार वाहत होती, गढूळ, पण पाण्याचीच. अलीकडचा डोंगर मात्र काळाठिक्कर, जागोजाग सोललेला. त्याच्यावर पडलेलं पाणी मुरलंच नाही. पडलं तसं सुटलं, आणि येताना राख, माती, दगडगोटे घेऊन थेट विहिरीत उतरलं.

तो डोंगर पेटवला होता रंगनाथनेच. शिमग्यानंतर बिबट्याने त्यांची शेळी उचलली, तेव्हा त्याला दडायला गवताची काडी ठेवायची नाही असं याने ठरवलं. गोठ्याची कडी लावायची राहिली म्हणून शेळी गेली, डोंगराने काय केलं, असं गोजरबाईने परोपरीने सांगितलं. पण ऐकतो कोण? वणवा लावून आल्यावर स्वारी मिशीवरून हात फिरवत म्हणाली होती, "बघ, डोंगर कसा मोकळा केला! आता यील का त्यो?"

"मोटार गाळात गेली," रंगनाथ आता म्हणाला. "संगमनेरहून मानूस आनावा लागंल."

"मोटार काढून काय तिची आरती करता? पानी कुठं हाय? वस्तीनं उद्या प्यायचं काय, ते सांगा आधी."

"अगं पर बिबट्याचा घोर तरी मिटला का न्हाई?" रंगनाथ उसळला. "पेटवल्यापासनं फिरकला का हिकडं?"

कपाळावर हात मारून घ्यावा असं गोजरबाईला वाटलं, पण हात चिखलाने भरलेले होते. गोठ्यात म्हैस तहानेने ओरडत होती. तिला काय पाजणार, याचा विचार करतच ती तिकडे निघाली. रात्रीचा गाळ गोठ्याच्या भिंतीपर्यंत आला होता आणि सारवल्यासारखा गुळगुळीत पसरला होता. दाराशी ती थबकली.

"अवं, हिकडं या."

दोघेही आले. गाळावर पावलं उमटली होती. रुंद तळवा, चार बोटं, नखांचा ओरखडा नाही. पाऊस थांबल्यानंतरची, ताजी. जळक्या डोंगरावरून ती सरळ खाली आली होती, गोठ्याला वळसा घालून, घराला लागून उभ्या असलेल्या मक्यात शिरली होती. बाहेर पडल्याची खूण कुठे नव्हती.

"वर कुठं जागा ठिवली तुमी त्याला?" गोजरबाई हळूच म्हणाली.

गोठ्याची कडी लावलेलीच होती. रंगनाथने ती पुन्हा एकदा ओढून पाहिली.