लाल रेघांचा रविवार

"तुमच्या प्रोजेक्टला लिंटर नाही?" घराला दारच नाही असं कुणी सांगावं, तशा सुरात रविराजने विचारलं.

"नाही बाई," दिशा म्हणाली. "गरज असते का त्याची?"

गरज! रविराजने खुर्चीच पुढे ओढली. बाहेर त्याचा गोरक्षमामा आणि दिशाचे वडील काकासाहेब पाण्यापावसाच्या गप्पा मारत होते. "पोरांना बोलू द्या मोकळं," म्हणून रविराज आणि दिशाला आतल्या खोलीत बसवलं होतं. आजवर पाहिलेल्या प्रत्येक मुलीसमोर या मोकळ्या बोलण्यातच त्याचं घोडं अडलेलं. छंद काय, आवडतं काय, असं विचारलं की घाम फुटायचा आणि मग नकार यायचा. दिशाने मात्र सरळ लॅपटॉपच पुढे सरकवला. देवच पावला म्हणायचा!

पारनेरचं हे स्थळ मुळातच वेगळं. बाकीचे लोक फोनवर जमीन विचारत, पगार विचारत. काकासाहेबांनी पहिल्याच फोनला विचारलं, "पोराला रिअ‍ॅक्ट येतं ना चांगलं?" मामाला वाटलं, फिट येते का म्हणून विचारतायत. "न्हाई वो, तसलं काय बी न्हाई, पोरगं ठणठणीत हाय," त्याने ठासून सांगितलं. शेवटी रविराजनेच फोन हिसकावून घेतला आणि अ‍ॅप बनवायचं ते रिअ‍ॅक्ट आपल्याला येतं, आपलं रोजचं कामच ते, असं सांगितलं.

दिशा घरी बसून भंडारदऱ्याच्या तंबूंचं बुकिंग करणारं अ‍ॅप बनवत होती. काजव्यांचा हंगाम तोंडावर आलेला. "तोवर नाही झालं, तर तंबूवाले काम काढून घेतील," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरी काळजी होती. रविराजला ती फार आवडली.

"लिंटर म्हणजे चुका शोधणारा तपासनीस," तो म्हणाला. "पण नुसत्या लिंटरला जावास्क्रिप्टच्या चुका कळतात, रिअ‍ॅक्टच्या खोड्या कळत नाहीत. त्यासाठी हे वेगळं प्लगिन, वरून जोडायचं." त्याने कमांड दिली, प्लगिन उतरवलं, सेटिंगच्या फाइलीत त्याचं नाव घातलं, नियम चालू केले. बोटं सरसर चालत होती.

स्क्रीन लाल रेघांनी भरून गेली.

"बापरे!"

"घाबरू नका. नियमच बंद करून रेघा घालवणारे पुष्कळ असतात. आपण चुकाच दुरुस्त करू." आपण! शब्द तोंडातून गेला आणि तो मनातल्या मनात सुखावला.

तंबूंच्या यादीत ओळींना स्वतःची खूण नव्हती, ती त्याने दिली. चुकीच्या जागी अडकवलेली, हुक नावाची रिअ‍ॅक्टची आज्ञा बाहेर काढली. दिशा विचारत होती, तो समजावत होता. चहा निवून गेला तरी कुणाचं लक्ष नाही. मध्येच पैसे भरायचं पान उघडलं, तर तिथे एकही रेघ नव्हती. हात वेगळाच, एकदम सफाईदार.

"हे कोणी लिहिलं?"

"असेच एकजण आले होते मागे," दिशा म्हणाली. "ही शेवटचीच रेघ ना?"

ती रेघही गेली. दिशा इतकी खुलून हसली की रविराज पुरता विरघळला. लग्न करायचं तर हिच्याशीच, त्याने ठरवून टाकलं.

"कळवतो चार दिसांत," निरोप देताना काकासाहेब म्हणाले.

गाडीत बसता बसता मामाने विचारलं, "लई येळ घोळला रं. जमलं का काय?"

"जमलंच समजा, मामा!"

तेवढ्यात त्याला आठवलं. कोड सर्व्हरवर चढवण्याआधी ही तपासणी आपोआप व्हावी, ते सांगायचंच राहिलं की! "आलोच," म्हणत तो उलट पावली धावला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिशाची आई विचारत होती, "मंग, ह्यो बी न्हाई का?"

"गुणी आहे गं, पण नको," दिशा म्हणाली. "बाबा, पुढच्या रविवारी एखादा सर्व्हरवाला बघा."