शेवटचे चार आकडे

कृष्णात आप्पांचं एटीएम कार्ड रविवारी घरातून चोरीला गेलं आणि सोमवारी सकाळी शिरवळच्या मशीनमधून वीस हजार निघाले. साताऱ्याच्या बँकेत क्रांती मॅडमनी आधी कार्ड बंद केलं, मग वैतागून विचारलं, “पिन कार्डावरच लिहून ठेवला होता ना?”

“न्हाई.”

“मग कुणाला तरी सांगितला असेल.”

“कारभारणीलाबी न्हाई.”

“म्हणजे जन्मतारीख ठेवली असणार. चोराला पहिल्याच फटक्यात जमलंय, आप्पा!”

“तसला सोपा ठेवू नगा म्हणून तुमीच बजावलं व्हतं. म्हणून आमच्या जयराजचा मिल्ट्रीतला नंबर घेतला. त्याचं शेवटचं चार आकडं. मला तेवढंच पाठ हायती.”

“मग मुलाकडूनच फुटला असेल. फोन लावा बघू त्याला.”

आप्पांनी फोन काढला नाही. “रविवारी सारा गाव घरी जेवायला व्हता,” ते म्हणाले. “माझा सदरा खुंटीला. त्यातनंच कार्ड गेलं.”

“आणि हा नंबर त्यातल्या कुणाकुणाला माहीत होता?”

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“समद्यास्नी, ताई. शाळेम्होरं जयराजचा पुतळा हाय. त्याच्या नावाखाली त्यो नंबर दगडात कोरलाय. रविवारी तितं हार घालूनच समदी आमच्या घरला आली व्हती.”